पाच पुसलेल्या रेघा

१

अमडापूरच्या झुंबरबाईला मंगळवारी सकाळी भेंडीच्या वावरात साप चावला, आणि शुक्रवारी दुपारी खामगावच्या कचेरीत त्याचा दोष कुणाच्या माथी मारायचा त्याचं पत्र टाइप होऊन तयारही झालं. तीन दिवसांत! या कचेरीत नळ दुरुस्त करायला तीन महिने लागतात हो. पण एका पोरीला बळी द्यायचं म्हटल्यावर सगळ्यांच्या हाताला कसा भराभरा वेग आला.

रेणुकाबाईंनी चष्मा पुसला आणि पत्र पुन्हा वाचलं.

"माझ्या हलगर्जीपणामुळे संबंधित रुग्णास उपचार मिळण्यास विलंब झाला. या चुकीची संपूर्ण जबाबदारी मी स्वीकारते."

खाली नाव होतं प्राचीचं. सही तेवढी बाकी होती.

"संबंधित रुग्ण?" रेणुकाबाई कडाडल्या. "त्या बाईले नाव नाही काय?"

"ताई, पत्राची भाषा असते तशी," शेखर म्हणाला. पुण्यात आठ वर्षं काढून आलेला हा कचेरीचा मुख्य. रेणुकाबाईंचं वऱ्हाडी ऐकलं की याच्या ओठाच्या कोपऱ्यात बारीक हसू यायचं, आणि ते त्यांना बरोबर दिसायचं. "चार वाजता कमिटी बसते आहे. तुम्ही चौकशी अहवालावर सही केली की विषय संपला."

विषय म्हणे! कचेरीचं नाव 'मदतघर'. साप चावला की गावकऱ्यानं एक नंबर फिरवायचा. मदतघराचा संगणक पाच गावांतल्या संस्थेच्या केंद्रांना विचारतो, विषावरचं इंजेक्शन कुठे शिल्लक आहे, आणि गाडीला तिकडे धाडतो. मंगळवारी त्यानं झुंबरबाईची गाडी अमडापूरहून थेट देऊळघाटला धाडली. तिथे इंजेक्शन नव्हतं. आणि अमडापूरच्या केंद्रात, तिच्या वावरापासून चार मिनिटांवर, सहा बाटल्या फ्रीजमध्ये गपगार बसल्या होत्या. शेवटी ड्रायव्हरनं स्वतःच्या अकलेनं बुलडाण्याचा मोठा दवाखाना गाठला म्हणून बाई जिवंत राहिली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र गेली. भेंडी तोडणाऱ्या बाईची उजव्या हाताची बोटं!

रेणुकाबाई बत्तीस वर्षं खामगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्तीनंतर शंकररावांनी, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांनी, त्यांना कमिटीवर घेतलं ते बहुधा शोभेला. चौकशीही त्यांच्याकडे त्यासाठीच दिली असावी. म्हातारी बाई, संगणकातलं काय कळतंय, चहा घेईल अन् सही करेल.

"सही चारले करीन," त्या म्हणाल्या. "तंवर मले सगळ्यांशी बोलू दे."

"कशाला उगाच? स्क्रीनच सांगते आहे की." शेखरनं भिंतीकडे बोट केलं.

२

भिंतीवर दारभर उंचीचा टीव्ही होता. त्यावर गोल आणि रेघा. ही काय भानगड आहे ती शेखरनं समजावून सांगितली, आणि खरं सांगायचं तर नीट सांगितली.

प्रत्येक गोल म्हणजे एक काम करणारा प्रोग्रॅम. 'फोन' नावाचा गोल हाक घेतो. 'गाडी' गोल गाडी धाडतो. 'साठा' गोल औषध कुठे आहे ते सांगतो. एकानं दुसऱ्याला काही विचारलं की त्यांच्यात रेघ उमटते. रेघेवरचा आकडा म्हणजे उत्तराला लागलेला वेळ. सगळं सुरळीत असलं की गोल आणि रेघ हिरवे, अडलं की लाल. आणि हे चित्र कुणी हातानं काढत नाही. जे खरोखर एकमेकांशी बोलतात तेवढेच त्यात आपोआप दिसतात.

"हा मंगळवारचा छापील कागद," शेखर म्हणाला. "साठा हिरवा, फोन हिरवा. लाल एकच. गाडी. आणि गाडीचा प्रोग्रॅम प्राचीनं लिहिलाय."

लाल गोल होता खरा. रेणुकाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या, आणि त्यांना एकदम जुनं एक्स्चेंज आठवलं. बोर्डावर दिवा लागून राहिला की साहेब त्या बोर्डावरच्या बाईवर खेकसायचा. दिवा का लागून राहिला? तर पुढचं गाव नीट उत्तर देत नसायचं, आणि ही बिचारी ताटकळत बसलेली असायची. बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या चुकीच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्या शिव्या आज पोटातून वर आल्या.

"प्राचीले बोलाव," त्या म्हणाल्या.

३

प्राची देऊळघाटची. तिचे वडील भाजी पिकवतात. सव्वीस वर्षांची पोरगी, डोळे सुजलेले, पण आवाज पक्का.

"ताई, मी सही नाही करणार. माहं चुकलं असतं तर मीच लिहून दिलं असतं."

"गाडी देऊळघाटले काऊन गेली?"

"साठ्यानं सांगितलं म्हणून. माहा प्रोग्रॅम स्वतःच्या मनानं कुठी जात नाही. ड्रायव्हर पोचला, त्यानं मोबाइलवर 'औषध नाही'चं बटण दाबलं. मंग गाडीनं साठ्याले पुन्हा विचारलं, आता कुठी जाऊ? साठा म्हणे, देऊळघाट. पुन्हा विचारलं. देऊळघाट. एक्केचाळीस वेळा विचारलं ताई! एक्केचाळीस वेळा तेच उत्तर. म्हणून माहा गोल लाल झाला."

"हे शेखरले सांगितलं?"

"त्याच दिवशी. तर म्हणे, लाल कोण आहे ते पाह्य." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "गावात लोक बाबाले विचारून राह्यले, तुमच्या पोरीनं बाईची बोटं घालवली का हो? बाबा तीन दिवसांपासून मंडईत गेले नाहीत."

रेणुकाबाईंनी पेन टेबलावर आपटलं. जी पोरगी एक्केचाळीस वेळा विचारते ती हलगर्जी, आणि जो एक्केचाळीस वेळा खोटं सांगतो तो हिरवा! हा कुठला न्याय?

मग साठ्याचा प्रोग्रॅम सांभाळणारा सागर आत आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "ताई, मले यात ओढू नका. माहा गोल पाहा. दोन! सेकंदाचे हजार भाग केले तं त्यातले फक्त दोन, एवढ्यात उत्तर देतो. पयले नऊशे लागायचे."

"नऊशेचे दोन? कसं काय झालं बाप्पा हे?"

सागर थबकला. "ते... होळीनंतर बहिणीच्या लग्नासाठी पंधरा दिवस रजेवर होतो. परत येऊन पाह्यलं तर दोन. मले वाटलं गणेशनं नवी मशीन लावली. उलट शेखरसरांनी शाबासकी देली."

"अन् तू विचारलं नाही?"

"शाबासकी मिळाल्यावर कोण विचारते, ताई?"

पोरगा लबाड नव्हता, ओशाळला होता. पण पाच गावांतल्या पाच फ्रीजांची चौकशी करून यायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही? रेणुकाबाईंनी वहीत लिहिलं: दोन. त्याखाली दोनदा रेघ ओढली.

४

गणेश कचेरीतली यंत्रं आणि तो टीव्ही सांभाळायचा. तो आला तोच घाम पुसत.

"जुनी चित्रं दाखव," रेणुकाबाई म्हणाल्या. "होळीच्या आधीची."

"नाही ना ताई. चौदा दिवसांच्या मागचं आपोआप पुसलं जाते. जागा पुरत नाही."

म्हणजे गेलं. चौदा दिवसांपूर्वीचं सगळं साफ. रेणुकाबाईंनी घड्याळ पाहिलं, पावणेतीन वाजले होते.

"मशीनमध्ये बदल कोण करू शकते?"

"दोघंच. मी अन् शेखरसर. सागर-प्राचीजवळ पासवर्ड नाही." मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. "ताई, आईशप्पथ, मी काही केलं नाही!"

"सागर रजेवर होता तेव्हा इथं काय झालं? आठव."

"काय होणार? मुंबईचे पाहुणे आलते ना, देणगीवाले. गुरुवारी. मोठा कार्यक्रम झाला. मी तर पाहिलाही नाही नीट. पहाटेच सरांनी मले गाडी घेऊन जलंब स्टेशनवर धाडलं, पाहुण्यांले आणायले. गाडी लेट. आम्ही पोचलो साडेदहाले."

त्या कार्यक्रमाचा फोटो भिंतीवरच होता. शंकरराव, पाहुणे, शाली, नारळ. मागे टीव्हीवर सगळे गोल हिरवेगार. फोटोत शोधण्यासारखं काही नव्हतं. सगळं आजच्यासारखंच दिसत होतं.

रेणुकाबाई खुर्चीत मागे रेलल्या. वाटलं, इथेच रस्ता संपला. तेवढ्यात चहा घेऊन अन्नपूर्णाबाई आल्या. कचेरी झाडायची, चहा करायचा आणि दारात रांगोळी काढायची, हे त्यांचं काम. त्यांनी कप ठेवला, भिंतीवरच्या फोटोकडे हनुवटी उडवली आणि पुटपुटल्या, "माही रांगोळी तं नासवली त्या दिवशी."

५

"कोणती रांगोळी?" रेणुकाबाई सावरून बसल्या.

"अवो, ह्या टीव्हीचीच! वर्धापनदिनाले काढली होती तं शंकरराव लई खूश झालते. म्हणून पाहुण्यांच्या दिवशी पुन्हा काढली. सकाळी सहाले आली, टीव्हीत पाहू पाहू एकेक गोल, एकेक रेघ काढली. रंग भरले. आठले शेखरसाहेब आले, आत जाऊन बसले. घंट्याभरानं बाहेर येऊन म्हणतात, अन्नपूर्णाबाई, ह्या खालच्या पाच रेघा अन् पाच गोल पुसा. म्या म्हटलं, काऊन? टीव्हीत तं आहेत! तं म्हणे, जाऊन पाहा, नाहीत."

"मंग?"

"आत जाऊन पाह्यलं तं खरंच नव्हत्या! म्या म्हटलं, माह्याच डोयाले काही झालं. पुसल्या बापा." अन्नपूर्णाबाईंचा स्वर चढला. "दोन घंट्याची मेहनत वो! पण पुसायच्या आधी फोटो काढून भाचीले धाडला होता."

"फोटो आहे?" रेणुकाबाईंनी कप बाजूला सरकवला.

अन्नपूर्णाबाईंनी कमरेचा मोबाइल काढला, बोटानं सरकवत सरकवत समोर धरला. हिरव्या-पिवळ्या रंगांत फोन, गाडी आणि साठा. आणि साठ्याच्या गोलाखाली पाच रेघा, पाच लहान गोल. त्यातल्या दोन रेघांत अन्नपूर्णाबाईंनी इमानेइतबारे लाल रंग भरला होता, टीव्हीत होता तसा. फोटोवर वेळ होती सात पन्नास.

रेणुकाबाईंनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. आज साठ्याच्या गोलाखाली काहीच नव्हतं. मघापासून त्या, शेखर, सगळे जण लाल कुठे आहे ते पाहत बसले होते, आणि पाच गावं चित्रातून उठून गेली होती ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अन्नपूर्णाबाई," त्या उठल्या, "चारले आत या. चहा घेऊन नाही, खुर्चीवर बसायले."

मग त्यांनी वही उघडून पाच फोन लावले.

६

चार वाजता कमिटी बसली. शंकरराव टेबलाच्या टोकाला होते, शेजारी शेखर. समोर प्राची, सागर, गणेश आणि खुर्चीच्या काठावर टेकलेल्या अन्नपूर्णाबाई.

"झाली का सही?" शंकररावांनी विचारलं.

"आधी एक गंमत पाहा," रेणुकाबाई म्हणाल्या. "पाचही केंद्रांतल्या सिस्टरांनी माह्या सांगण्यावरून दहा मिनिटांपासून आपापले संगणक बंद करून ठेवले. सांगा, टीव्हीवर काय दिसते?"

सगळ्यांनी पाहिलं. साठा हिरवा. आकडा दोन.

"पाच गावं मुकी झाली, अन् हा म्हणते सगळं ठीक! प्राची, विचार बरं त्याले, अमडापूरच्या माणसाले साप चावला तं कुठी नेऊ?"

प्राचीनं कळा दाबल्या. स्क्रीनवर उत्तर आलं. देऊळघाट.

सागरचा चेहरा उतरला. "म्हणजे हा केंद्रांले विचारतच नाही," तो हळूच म्हणाला. "कुठलं तरी जुनं उत्तर घोकून राह्यला. म्हणून दोन."

"जुनं म्हणजे पाहुण्यांच्या दिवसाचं," रेणुकाबाई म्हणाल्या. "सिस्टरांले विचारलं मी. त्या गुरुवारी अमडापूरचा साठा संपला होता अन् देऊळघाटले आठ बाटल्या होत्या. पुढं देऊळघाटच्या आठही मुदत संपली म्हणून परत गेल्या, अन् अमडापूरले सहा नव्या आल्या. या हिरव्या गोलाले त्याचा पत्ता नाही. त्याच्यासाठी आजही तोच गुरुवार चालू आहे."

"गणेश!" शेखर झटकन वळला. "हे तुझं काम. मशीन तुझ्या ताब्यात असतात."

"गणेश त्या सकाळी जलंबले होता. तूच धाडलं. सागर रजेवर होता. प्राचीजवळ पासवर्ड नाही. राह्यलं कोण?"

"ताई, काहीतरी तांत्रिक बिघाड असेल. मला त्या रेघा गेल्याचं माहीतही नव्हतं."

रेणुकाबाईंना हेच हवं होतं. त्यांनी अन्नपूर्णाबाईंचा मोबाइल टेबलावर ठेवला. "माहीत नव्हतं? मंग या बाईले पाच रेघा पुसायले कोणी लावल्या? सात पन्नासले त्या टीव्हीत होत्या म्हणून रांगोळीत आल्या. तू आठले येऊन आत बसला, बाहेर येऊन म्हणाला, पुसा. टीव्हीतून रेघा गेल्या हे साऱ्या दुनियेत एकट्या तुले माहीत होतं, शेखर!"

"हाव," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या या खोलीत बसून बोलत होत्या. "माह्यासमोर म्हटलं साहेबांनी."

शेखरचं पुणेरी मराठी कुठल्या कुठे गेलं. "पाहुणे येणार होते शंकरराव," तो म्हणाला. "केंद्रांवरचं नेट रेंगाळते, दोन रेघा लाल होतात. लाल पाहून देणगी कोण देईन? आपण घरी पाहुणे येणार म्हटलं की सारवून घेत नाही काय? तसं केलं. केंद्रांले विचारायचं बंद करून त्या दिवसाचा साठा गोठवून ठेवला. दोन दिवसांसाठीच ठेवला होता. मंग राहून गेलं."

"राहून गेलं!" रेणुकाबाईंची मूठ टेबलावर पडली आणि कप खणखणले. "होळीनंतर राहून गेलं, समजलं. माणूस विसरते. पण मंगळवारी? मंगळवारी प्राचीनं तुले एक्केचाळीस वेळांचं सांगितलं, तेव्हा तुले आठवलं की नाही?"

शेखरनं समोरचे कागद उगाच सारखे केले.

"आठवलं. तरी तू ते काढलं नाही. कारण काढलं असतं तं पाच रेघा भिंतीवर परत आल्या असत्या अन् सगळ्यांनी विचारलं असतं, ह्या इतके दिवस कुठी होत्या? म्हणून आधी पोरीची सही, मंग दुरुस्ती! मंगळवार ते शुक्रवार. चार दिवस, शेखर. चार दिवसांत कोण्या लेकराले साप चावला असता तं तुहा हिरवा गोल त्यालेही देऊळघाटले धाडत होता. रिकाम्या फ्रीजापाशी. लाज नाही वाटली रे तुले?"

शंकररावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "गणेश, आधी ते काढ," ते म्हणाले. "लगेच. अन् ताई, सिस्टरांले संगणक लावायले सांगा."

रेणुकाबाईंनी फोन लावले. गणेश दहा मिनिटं कळा बडवत होता. मग साठ्याच्या गोलाखाली एक रेघ आली, मग दुसरी, आणि बघता बघता पाची. अमडापूर, सहा बाटल्या. दोन रेघा लालभडक होत्या. आकडा दोनावरून नऊशेवर गेला.

"हे लाल..." शंकरराव सवयीनं बोलून गेले, "पुढच्या महिन्यात पुन्हा पाहुणे आहेत ना..."

"दाखवा त्यांले लाल!" रेणुकाबाई उसळल्या. "सांगा, आमचं इथं अडते, इथं मदत करा. देणगी कायच्यासाठी मागता मंग तुम्ही?"

शंकररावांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. प्राची, बेटा, ते पत्र फाडून टाक."

"फाडायचं नाही," रेणुकाबाई म्हणाल्या. टाइप केलेलं ते पत्र त्यांनी शेखरसमोर सरकवलं आणि वर आपलं पेन ठेवलं. "इतकं चांगलं लिहिलं आहे. नुसतं एक नाव खोड, अन् दुसरं लिही."

शेखरनं पेन उचललं. प्राचीचं नाव खोडलं. खाली स्वतःचं लिहिलं.

"आता वाच. प्राचीच्या बाबांले फोन लावला आहे मी, ते ऐकून राह्यले."

रेणुकाबाईंनी टेबलावर ठेवलेल्या स्वतःच्या मोबाइलमधून भाजीमंडईत न गेलेल्या माणसाचा खोकला ऐकू आला. प्राचीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"माझ्या हलगर्जीपणामुळे," शेखर वाचू लागला, "संबंधित रुग्णास..."

"थांब," रेणुकाबाई म्हणाल्या. "तिले नाव आहे. लिही."

शेखरनं पेन कागदावर टेकवलं, पुन्हा उचललं. मान वर करून त्यानं रेणुकाबाईंकडे पाहिलं, मग सागरकडे, गणेशकडे. चार दिवस ज्या बाईवरून त्यानं पत्रं लिहिली, कागद छापले, कमिटी बोलावली, तिचं नाव त्याला माहीत नव्हतं.

"झुंबरबाई," प्राची म्हणाली.